लुवेनियाबाई आणि शाळेची दारं

लुवेनिया प्रुइट आयुष्यात कधी शाळेची पायरी चढली नाही, असं शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयाने भिंतीवर लिहून ठेवलं होतं. अहो, ज्या बाईंनी आमच्या हॅचर्स बेंड गावातल्या काळ्यांच्या शाळेत उमेदीची सगळी वर्षं घालवली, त्या शाळेची पायरी चढल्या नाहीत! मला त्यांनी चित्रकला शिकवली, माझ्या धाकट्या भावाला शिकवली. आमच्या चर्चचा आताचा पाद्री आहे ना, त्याला तर कान धरून शिकवली. आज इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की माझ्या हातातली कात्री थांबते आणि खुर्चीत बसलेली गिऱ्हाईक म्हणते, "झेलमा, आधी माझे केस पुरे कर गं बाई, मग चिड."

बाईंची आई गोऱ्यांचे कपडे धुवायची. गिरणीमालकाच्या घरच्या चादरी, टेबलक्लॉथ, सगळं उकळत्या पाण्यात घालून दांड्याने ढवळायची. त्या धुण्यावर तिने मुलीला काळ्यांच्या कॉलेजात घातलं. लुवेनिया तिथून चित्रकलेची पदवी घेऊन आली आणि आमच्या शाळेत लागली. पुढे शिकायचं, तर आपल्याच अलाबामाच्या विद्यापीठात काळ्या माणसाला प्रवेश नाही. मग सरकारने काय करावं? शेजारी बसवायला नको, म्हणून आमच्या शिक्षकांना खर्च देऊन दूर उत्तरेला पाठवावं! तेवढ्यासाठी यांच्याकडे पैसे होते. बाई उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यूयॉर्कला जायच्या. दिवसभर वर्गात आणि उरलेला वेळ चित्रांपुढे. त्या काळात तिथे माणूसभर उंच कॅनव्हास जमिनीवर टाकून त्यावर रंग ओतणारे चित्रकार नुकते गाजायला लागले होते. बाईंनी ते सगळं डोळ्यांत भरून घेतलं आणि परत येऊन आमच्यापुढे ओतलं.

आमच्याकडे रंग नसायचे. मासिकांतून कापलेली चित्रं बाई दोरीला चिमट्यांनी लावायच्या, धुणं वाळत घालावं तशी. होमर नावाच्या अमेरिकन चित्रकाराचा समुद्र लावला की विचारायच्या, "पाणी कुठल्या रंगाचं?"

"निळं!" आम्ही ओरडायचो.

"डोळे घरी ठेवून आलात काय? नीट बघा, मग बोला."

मग आम्हाला त्यात हिरवं दिसायचं, काळं दिसायचं, शिशासारखं करडंही दिसायचं. टॅनरचं चित्र लावलं की त्यांचा आवाज उतरायचा. "हा आपल्यातला. या देशात त्याला धड श्वास घेता येईना, म्हणून पॅरिसला जाऊन राहिला." आणि त्या रंग ओतणाऱ्यांतला पोलॉक लावला त्या दिवशी वर्गात हसून हसून गोंधळ. ओरिन नावाचा एक पोरगा उठून म्हणाला, "बाई, आमच्या बापाने कोंबड्यांचं खुराडं रंगवलं ना, तेव्हाची ताडपत्री अशीच दिसते."

"मग उद्या ती ताडपत्री घेऊन ये," बाई म्हणाल्या. "शेजारी लावू आणि बघू."

ओरिनने खरंच आणली. दोन्हींपुढे बसून आम्ही भांडलो. कुठे हात नुसता निसटलाय आणि कुठे मुद्दाम फिरवलाय, यावर अख्खा तास गेला. ओरिनचा बाप त्या दिवसापासून गावात स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायचा.

बाई स्वतः घरी रंगवायच्या. सुरुवातीला कापसाची शेतं, उन्हाने थरथरणारी, जवळून नुसते ठिपके आणि लांबून शेत. मग माणसांची चित्रं. मग जेकब लॉरेन्स या आपल्यातल्याच चित्रकाराची चित्रं पाहून आल्यावर माणसंच टोकदार झाली, चारपाच रंगांत कापल्यासारखी. शेवटी शेवटी नुसते रंगांचे पट्टे. नवरा एमॉस विचारायचा, "लुवेनिया, यातली माणसं कुठे गेली गं?"

"उत्तरेला," बाई सांगायच्या. आमची निम्मी माणसं तेव्हा डेट्रॉइट नाहीतर शिकागोलाच गेली होती.

मग कोर्टाचा हुकूम आला, की काळी-गोरी पोरं एकत्र शिकवा. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण गोऱ्यांनी आपली पोरं आमच्या शाळेत पाठवली का? छे! आमचीच शाळा बंद केली. आमच्या पोरांनी जिंकलेले चषक उकिरड्यावर फेकले. बाईंची बदली गोऱ्यांच्या शाळेत झाली. तिथे चित्रकलेला आधीच एक गोरी मास्तरीण होती, म्हणून पदवीवाल्या लुवेनिया प्रुइटना जेवणाच्या खोलीत उभं केलं. पोरांच्या रांगा सरळ करायला! बाईंनी वर्ष काढलं आणि राजीनामा मुख्याध्यापकाच्या टेबलावर ठेवून त्या घरी आल्या.

शाळा पाडली तेव्हा बाई आणि एमॉस आपला ट्रक घेऊन गेले आणि वर्गांची दारं उचलून आणली. जाड पाइनची, जड दारं. बरीच वर्षं ती गोठ्यात पडून होती. एमॉस गेल्यानंतर बाईंनी एकेक बाहेर काढलं आणि रंगवायला घेतलं. वर रंगांचे रुंद पट्टे, एकात एक मिसळलेले, पहाटेच्या धुक्यासारखे. खालचा भाग मात्र तसाच. पोरांच्या हातांनी आणि बुटांनी घासून गुळगुळीत झालेलं ते लाकूड. मी विचारलं तर म्हणाल्या, "तो भाग आधीच रंगवून झालाय, झेलमा. पोरांनी."

बार्टन हॅरल्सन हा दलाल आमच्या गावात उगवला तो या दारांचा वास काढत. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या काळ्या माणसांची चित्रं उचलायची आणि शहरात नेऊन विकायची, हा त्याचा धंदा. बाईंच्या ओसरीत पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाला, "लुवेनिया, हे तू केलंस?"

"मिसेस प्रुइट," बाई म्हणाल्या.

"हो हो. तर लुवेनिया, तू हे शिकलीस कुठे?"

बाईंनी कॉलेज सांगितलं, न्यूयॉर्क सांगितलं. मी तिथेच होते, शेंगा सोलत बसले होते. आपल्या कानांनी ऐकलं. त्याने मान डोलावली. त्याला सगळं माहीत होतं, हे लक्षात ठेवा. बाईंना एवढीच इच्छा, की दारं चार माणसांनी बघावीत. त्यांनी आठ दारं दिली.

दोन वर्षांनी बोलावणं आलं, संग्रहालयात दारं लागलीत, उद्घाटनाला या. मी बाईंचे केस करून दिले. त्यांनी चर्चची निळी टोपी घातली आणि आम्ही माझ्या गाडीतून निघालो. वाटेत बाई लहान पोरीसारख्या बोलत होत्या. "वरच्या मजल्यावर होमर आहे म्हणे त्यांच्याकडे. झेलमा, आपण एकाच छपराखाली गं!"

एकाच छपराखाली खरं, पण दारं तळमजल्यावर होती, रजया, टोपल्या आणि लाकडी कोंबड्यांच्या शेजारी. दारांना प्रकाश मात्र सुंदर दिला होता. बाई एकेका दाराशी थांबल्या. डोळे भरून आले होते. आणि मग त्यांनी चष्मा लावून भिंतीवरचा तो मजकूर वाचला. लुवेनिया कधी शाळेत गेली नाही. तिला देवदूत स्वप्नात येऊन रंग सांगतात. कॅनव्हास म्हणजे काय हे ठाऊक नसल्याने ती भंगारातल्या दारांवर रंगवते. लहान मुलासारखं तिचं चित्र अर्धवट राहतं, आणि तेच त्याचं सौंदर्य.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "देवदूत," त्या म्हणाल्या. "माझी आई चादरी उकळत होती तेव्हा हे देवदूत कुठे होते?"

लोककलेच्या या दालनाची जबाबदारी मिस व्हिटकॉम नावाच्या तरुण बाईकडे होती. ती हात पुढे करत आली. "लुवेनिया! तुम्हाला भेटून किती आनंद झाला."

"हे कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं. मिस्टर हॅरल्सननी माहिती दिली."

"आणि मला विचारायचं नाही सुचलं? मला लिहिता-वाचता येत नाही असं समजलात, ठीक आहे, पण बोलता येतं ना!"

पोरीचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात हॅरल्सन हातात वाइनचा पेला घेऊन आला आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लुवेनिया, लोक नुसतं चित्र घेत नाहीत गं, गोष्ट घेतात. कॉलेजात शिकलेली म्हातारी मास्तरीण कोणाला हवीय?"

"हात काढ," बाई म्हणाल्या.

त्याने हात काढला, पण जिभेला लगाम नाही. चमच्याने पेला वाजवून त्याने सगळ्यांना गोळा केलं, आणि म्हणाला, आता लुवेनिया आपल्याला तिच्या स्वप्नांबद्दल सांगेल.

रेशमी कपड्यांतली पन्नासेक माणसं तोंडाकडे बघत उभी. बाई ताठ उभ्या राहिल्या. वर्गात आमच्यापुढे उभ्या राहायच्या तशाच.

"मी मिसेस लुवेनिया प्रुइट. मी शिक्षिका आहे. माझ्याकडे पदवी आहे. ही दारं भंगारातली नाहीत, माझ्या शाळेची आहेत, आणि ती शाळा तुमच्यासारख्या माणसांनी पाडली. मला स्वप्नात कोणी काही सांगत नाही. मी शिकले. कष्टाने शिकले. या भिंतीवर खोटं लिहिलंय."

आणि मग, विश्वास बसणार नाही तुमचा, त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या शेजारची मोत्यांच्या माळेतली बाई नवऱ्याला म्हणाली, "अय्या, किती गोड आहे ना! कशी तडफदार!" माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की तिची ती माळ खसकन ओढावी. शिवी दिली असती तरी परवडली असती. राग आलाय हेसुद्धा त्यांना खरं वाटेना. त्यांना तोही करमणुकीचाच भाग वाटला.

बाईंनी टाळ्या थांबायची वाट पाहिली नाही. भिंतीपाशी गेल्या आणि नखाने कोपरा उचकटून तो मजकुराचा पुठ्ठा फाडून काढला. दारातला पहारेकरी आमच्यातलाच, मोठा धिप्पाड. तो दोन पावलं पुढे आला आणि मग एकदम वळून छताकडे बघत उभा राहिला. आम्ही बाहेर पडलो. वर जाऊन होमर बघायचा राहिलाच.

पुढच्या आठवड्यात शहरातल्या वर्तमानपत्रात आलं, 'लहरी म्हातारीचा तमाशा.' हॅरल्सन पुन्हा बाईंच्या ओसरीत. म्हणे झालं गेलं विसरून जा, उरलेली दारं दे. बाई जाळीच्या दाराआडून म्हणाल्या, "गोष्टच विकायची आहे ना तुला? मग गोष्ट विक. माझ्या दारांना हात लावायचा नाही."

"माझ्याशिवाय तुझी चित्रं बघणार कोण?"

याचं उत्तर द्यायचं काम आम्ही केलं. मी माझ्या केस कापायच्या दुकानातून फोन लावत सुटले. डेट्रॉइटहून, क्लीव्हलँडहून, बर्मिंगहॅमहून बाईंचे विद्यार्थी आले. लग्नात मिळालेली, पदवीच्या वेळी मिळालेली बाईंची चित्रं मोटारीच्या टपावर बांधून आणली. चर्चच्या सभागृहात आम्ही ती सगळी लावली. कापसाची शेतं, माणसं, टोकदार माणसं, पट्टे आणि शेवटी उरलेली तीन दारं. ओरिन आता बसगाड्या रंगवतो. त्याने बापाची ताडपत्री टांगायचा हट्ट धरला, आणि बाईंनी टांगू दिली. तळलेला मासा होता, मक्याचा पाव होता. बाई प्रत्येक चित्रापुढे थांबून स्वतःच्या चुका सांगत होत्या. "हा हात बघ, हातमोजा वाटतो. तेव्हा मला हात येत नव्हते."

दुपारी मिस व्हिटकॉम एकटीच आली. पाठीमागे उभी राहून तिने सगळं पाहिलं. मग बाईंपुढे येऊन म्हणाली, "मिसेस प्रुइट, माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," बाई म्हणाल्या. "जेवलीस का?"

ती जेवली. परत जाऊन तिने खरा मजकूर लिहिला, शाळेसकट, आईच्या धुण्यासकट, न्यूयॉर्कसकट. आणि संग्रहालयाच्या समितीने काय ठरवावं? ही बाई शिकलेली असेल, तर ती लोककलेच्या दालनात बसत नाही. म्हणून दारं तळमजल्यावरून काढली. वरच्या मजल्यावरच्या आधुनिक चित्रकलेच्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, हे नाव आमच्या यादीत नाही. अडाणी होती तोवर भिंतीवर, आणि शिकलेली निघाली तर गोदामात! मिस व्हिटकॉमने नोकरी सोडली. तिला बोल लावू नये, पण नोकरी सोडून दारं काही बाहेर आली नाहीत.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या ब्रश धूत होत्या. "मला वाटलं होतं, खरं सांगितलं की पुरे," एवढंच म्हणाल्या. त्यांना असं खचलेलं मी एमॉसच्या दफनाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. पण शनिवार उजाडला, चर्चच्या सभागृहात बाईंच्या शनिवारच्या वर्गाला पोरं जमली आणि बाईंनी दोरीला चित्रं लावली. मरेपर्यंत लावत राहिल्या. एका वसंतात त्या झोपेतच गेल्या. शवपेटी खांद्यावर घ्यायला इतके विद्यार्थी पुढे आले, की चर्चच्या पायरीवरच भांडण झालं.

आठ दारं अजून त्या गोदामातच आहेत. मात्र संग्रहालयाचा एक नियम मी शोधून काढलाय. आधी कळवलं, तर गोदामातली वस्तू कोणालाही बघायला मागता येते. दरवर्षी मी चर्चच्या पोरांची बस भरते आणि जाते. तिथला माणूस मला ओळखतो. मला बघितलं की सुस्कारा सोडतो.

"आठही दारं, मॅडम? एकेक उचलायला दोघं लागतात हो."

"आठही," मी म्हणते. "आम्ही थांबतो."