खुबा कुणाचा, निर्णय कुणाचा

फिजिओथेरपीच्या टेबलावर माणूस आडवं झालं की आपोआप बोलायला लागतं. पेशंट बरा होऊन घरी जातो, गोष्ट मात्र माझ्यापाशी राहते. धाराशिवात क्लिनिक टाकल्यापासून अशा गोष्टी इतक्या साठल्यात की मैत्रिणी भेटल्या की आधी विचारतात, "आता कुणाचा खुबा?" कारण माझ्याकडं येणारी बरीचशी पोरं खेळाडू, आणि दुखणं बहुतेकदा खुब्याचं.

*

संग्राम सोनारीचा. शाळकरी वय, पण अंगानं थोराड, तालमीत जाणारा. गुडघा दुखतो म्हणून त्याचे आजोबा रोज तेल चोळत होते. गुडघ्याचा एक्स-रे साफ होता, तरी पोरगं लंगडायचं. मी पाय खुब्यातून फिरवून बघितला आणि त्यांना तडक हाडांच्या सर्जनकडं पाठवलं. मांडीच्या हाडाचं डोकं जागेवरून सरकलेलं; कळ तेवढी गुडघ्यात उतरत होती. इथं वाट बघण्यात अर्थ नव्हता. स्क्रू टाकायचा, आणि तोवर पाय जमिनीला टेकवायचा नाही.

आजोबा स्वतः व्हीलचेअर ढकलत निघाले. दवाखान्याच्या दारात गावातलं कुणीतरी भेटलं, म्हणालं, "पैलवान पडला वाटतं?"

आजोबा थांबले नाहीत. "पडला न्हाय. अजून सलामीच झालीया."

ऑपरेशन नीट झालं. संग्राम आता तालमीत जातो. आजोबा अजून त्याचा पाय बघूनच त्याला मातीत उतरू देतात.

*

बसवराजची गोष्ट अगदी उलटी. अणदूरचा हा पोरगा शंभर मीटर पळायचा. एका शर्यतीत सुटतानाच जांघेत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि तो ट्रॅकवरच बसला. स्नायूनं कमरेच्या हाडाचा टवका ओढून काढला होता. वडिलांनी ऑपरेशनची सगळी तयारी केली, गाडी करून पुण्याला नेलं. तिथले सर्जन म्हणाले, टवका फारसा सरकलेला नाही, कुबड्या आणि विश्रांतीनं जुळेल.

वडील नाराज. "एवढ्या लांबनं आलो, अन्‌ काहीच करायचं न्हाय व्हय?"

"त्याला पळू द्यायचं नाही," सर्जन म्हणाले. "बघा जमतंय का."

वडिलांनी ते मनावर घेतलं. पोराचे पळायचे खिळ्यांचे बूट कपाटात घातले आणि किल्ली करदोट्याला बांधली. हाड जुळलं, पळायची परवानगी मिळाली, तरी किल्ली काही सुटेना. शेवटी बसवराजची आई माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मॅडम, आता जरा ह्यांना सोडवा."

*

वैष्णवी जळकोटची. खो-खोत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण रांगेत उकिडवं बसून उठताना जांघेत चमक यायला लागली. खुब्याचं हाड थोडं जादा वाढलेलं आणि कडेची गादी किंचित फाटलेली निघाली. राज्य संघाची निवड तोंडावर आली होती.

सर्जननी तीन वाटा सांगितल्या. दुर्बिणीनं ऑपरेशन करता येईल. इंजेक्शन घेऊन निवड खेळता येईल, पण दुखणं झाकलं जाईल आणि फाटलेलं आणखी फाटू शकतं. नाहीतर काही महिने व्यायाम करायचा, खोल बसायचं नाही, खेळ थांबवायचा, आणि त्यानं भागलं नाही तर ऑपरेशनचं बघायचं.

तिचे कोच कदम सर इंजेक्शनच्या बाजूनं होते. मामाला ऑपरेशन हवं होतं. दोघांची जुंपली. सर्जननी हात वर करून दोघांना थांबवलं आणि विचारलं, "वैष्णवी, तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "सर, मला एकच निवड न्हाय खेळायची. लई वर्षं खेळायचंय."

तिनं व्यायाम निवडला. कदम सर रागानं बाहेर गेले आणि पायऱ्यांवर बसून राहिले.

*

व्यायाम करायला मात्र ती कंटाळायची. म्हणून आई शेजारी सतरंजी टाकून तेच करायला लागली. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, कंबर उचलायची. पुढच्या खेपेला मी वैष्णवीचा खुबा तपासत होते, तर आई मधेच म्हणाली, "तिचं ऱ्हाऊ द्या. माझी कंबर लई मोकळी झालीया!"

निवड तिच्याविना झाली. त्या दिवशी ती खूप रडली. पण हळूहळू चमक थांबली. ऑपरेशनची गरज अजून तरी पडली नाही. पुढच्या हंगामात ती मैदानात उतरली.

*

त्यानंतर एका संध्याकाळी कदम सर एकटेच क्लिनिकवर आले. वैष्णवीबद्दल काही असेल, असं मला वाटलं. त्यांनी दार लोटलं आणि सरळ टेबलावर आडवे झाले. मी त्यांचा गुडघा छातीकडं नेऊन आत वळवला. त्यांनी डोळे गच्च मिटले.

"कधीपासून, सर?"

"खेळायचो तेव्हापासून."

"मग तेव्हा दाखवलं नाही?"

"तेव्हा कुणी विचारलंच न्हाय, मॅडम."

आठवड्यानं मी सकाळी जळकोटच्या मैदानावर गेले. पोरींची सगळी रांग पाठीवर झोपून कंबर उचलत होती. शेवटच्या सतरंजीवर कदम सर होते. वैष्णवी शिट्टी गळ्यात अडकवून त्यांच्या डोक्याशी उभी होती.

"सर, अजून वर," ती म्हणत होती. "आन्‌ दुखलं तर सांगा."