शेवंताकाकू रिमला काय लावतात

पनागर रोडवर अशी बोलवा होती की शेवंताकाकूंचे यजमान लष्करी कारखान्यातून रणगाड्याचा गोंद जेवणाच्या डब्यात लपवून आणायचे, आणि त्यातला अर्धा पिंप अजून काकूंकडे शिल्लक आहे. म्हणूनच जुन्या मोटारसायकलच्या रिमवर शर्यतीचा टायर चढवावा तर काकूंनीच. तो मग घसरत नाही म्हणजे नाही. खरं सांगायचं तर यजमान नीलकंठराव कारखान्यात नव्हतेच. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, आणि डब्याला वास यायचा तो सुकटीचा. ते गेल्यावर काकूंनी आधी सायकलींची पंक्चरं काढली, मग स्कूटरची, आणि बघता बघता शर्यतवाली पोरं दुकानापुढे रांग लावू लागली.

गोंद खोटा असला तरी पडदा खरा होता. टायर चढवायची वेळ आली की काकू जुन्या चादरीचा पडदा सर्रकन ओढायच्या. "भैया, बाहर बैठो. बाहर म्हणजे बाहर." मग आतून नाकाला झोंबणारा वास यायचा. सोळा वर्षांच्या मोना गजभियेचा त्या पडद्यावर रत्तीभर विश्वास नव्हता.

आणि विश्वास ठेवायची पाळी तर आली होती, कारण प्रश्न तिच्या भावाच्या हाडांचा होता. अश्वजीत घरची पन्नास वर्षं जुनी मोटारसायकल शर्यतीत पळवायचा. सरळ पट्टी, दोनशे मीटर, झेंडा पडला की सुटायचं. मागच्या महिन्यात झेंडा पडला आणि नरम, चिकट टायरनं जमीन घट्ट धरली. पण आत रिम एकटीच गरकन फिरली. ट्यूब ओढली गेली, वॉल्व्ह मुळापासून तुटला आणि अश्वजीत कोपरावर आपटला.

बाबांनी, म्हणजे अंबादास गजभियेंनी, निकाल दिला. "आता एकदा जरी टायर घसरला, तर गाडी नेपियर टाऊनच्या दाताच्या डॉक्टरले. तो क्लिनिकात शोभेसाठी मागूनच राहिला. आन् टायर धरायले रिमले भोक पाडून स्क्रू-बिक्रू मारशील, तर घरात येऊ नको!" हे 'येऊ नको' मोना पुढे आठवडाभर बाबांच्याच आवाजात म्हणत फिरली.

भावंडं चाक घेऊन काकूंकडे गेली. काकूंनी टायर उतरवला, रिमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि दोघांकडे असं पाहिलं की जणू ती चोरीचा माल विकायला आली होती.

"टायर चढवताना साबण लावला?"

"सगळेच लावतात, काकू," अश्वजीत म्हणाला.

"सगळे लावतात तं सगळे पडतात. साबण वाळते, पण ओल लागली का पुन्हा बुळबुळीत. बरं, साबण तुझा. तेल कोणाचं?"

"तेल?"

"खोबऱ्याचं. घरात रिमले तेल कोण लावून राहिलं?"

"कोणीच नाही!" मोना उसळली. ही बाई आपलं झाकायला दुसऱ्याच्या घरात बोट दाखवते आहे, हे तिला स्वच्छ दिसत होतं. "लावत असाल तर तुम्हीच काहीतरी लावता. पडद्यामागे."

"काहून गं, पाहिलं तू?"

"वास येतो ना."

"अच्छा. चलो, लागली पैज. मी रिमले काही लावत असेन, तर पडदा आजच जाळते. तेल तुमच्याच घरचं निघालं, तर तीन रविवार इथं येऊन रिम घासायच्या."

मोनानं हात पुढे केला. काकूंनी तो धरला आणि लगेच आपला हात फडक्याला पुसला. ते मोनाला फार लागलं.

तासाभरानं चाक बाहेर आलं. टायरवरून रिमवर आलेली एक पांढरी रेघ काकूंनी रंगानं ओढली होती. टायर जरा जरी घसरला तरी रेघेचे दोन तुकडे होणार. "साध्या पाण्यावर चढवला. रविवारपर्यंत गच्चीवर उन्हात ठेवा, आत पुरता वाळू द्या. कोणी हात नाही लावायचा."

मोना पाण्याच्या टाकीमागे पहाऱ्याला बसली. ऊन तापलं की लपवलेला गोंद ओघळून बाहेर येईलच, असा तिचा हिशेब. टाचणीनं तिनं टायर आणि रिममधली फट दोनदा कोरून पाहिली. काहीच निघालं नाही, म्हणून संशय आणखी वाढला.

रविवारी सकाळी सातला जिन्यावर पावलं वाजली. बनियनमध्ये बाबा वर आले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, चाकापाशी उकिडवे बसले आणि खोबरेलाची बाटली उघडून रिमवर धार सोडली.

"बाबा!"

बाटली पाठीमागे गेली. "काही नाही गं. डोक्याले लावून राहिलो होतो."

बाबांच्या डोक्यावर एक केस नव्हता.

"कधीपासून?" मोनानं विचारलं.

"दर रविवारी. चमक टिकते ना. फडक्यानं पुसतो, बाप्पा."

"ते आत उतरतं, बाबा. दादा त्यानंच पडला."

बाबा तसेच खाली बसले. बराच वेळ त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "त्याले नको सांगू."

तेल वरवर पुसून गप्प राहता आलं असतं. पण धार आत गेलेली मोनानं पाहिली होती. तिनं चाक ऑटोत घातलं आणि एकटीच काकूंकडे नेलं. काकूंनी रिमवरून बोट फिरवून हुंगलं. पडदा ओढला, मात्र या वेळी मोनाला आत घेऊन.

आत होती स्पिरिटची बाटली. वास तिचाच. पांढरं फडकं पांढरंच परत येईपर्यंत काकू रिम पुसत राहिल्या. मग टायर बसतो तेवढ्याच जागी पॉलिश पेपरनं बारीक, आडवे ओरखडे काढले. मग साधं पाणी. लावलं काहीच नाही. होतं ते काढलं.

"मग पडदा काहून, काकू?"

"बाहेर पाह्य."

बाकावर चार जण कागदातले मुगाचे तळलेले मंगोडे खात होते. "जुनी रिम दिसली का हर कोई हात फिरवते. 'वाह, क्या चीज है!' आन् बोटं तेलात बुडलेली."

पुढच्या शनिवारी अश्वजीत दुसरा आला. बाबा सगळ्यांच्या आधी चाकापाशी पोचले, हात पाठीमागे बांधून वाकले. नव्यानं ओढलेली रेघ अखंड होती. डॉक्टरला नकार कळवला गेला.

रविवारी अश्वजीतनं मोनाला दुकानापाशी सोडलं. तो मोठ्यानं हसत होता. "हरली ना! पण तेल निघालं कोणाचं, ते तरी सांग."

काकूंनी मोनाकडे पाहिलं.

"माझं," मोना म्हणाली, आणि पहिली रिम पुढ्यात ओढली.