ग्राफिक्स कार्डाचा सत्कार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की फोन महिपती वाघमोडेला जातो. महिपती मूळचा नातेपुत्याकडचा. घरी अजून मेंढरं आहेत, आणि दोन मेंढ्यांतली चांगली कुठली हे त्याच्या वडलांना नुसता पाठीवर हात ठेवून कळतं. तीच विद्या कॉम्प्युटरच्या बाबतीत आपल्यात उतरली आहे, असं महिपतीचं गेली अठरा वर्षं मत आहे. ते त्याने कुणापासून लपवून ठेवलेलं नाही.

विरेश हत्तुरे यांच्या टॉवेलच्या कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्याच्याकडे आहे. तिथली डिझायनर ऋतुजा हल्ली टॉवेल विणायच्या आधीच त्याचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर तयार करते. न विणलेला टॉवेल नसलेल्या न्हाणीघरात नसलेल्या वाऱ्यावर हलताना दिसला की परदेशातलं गिऱ्हाईक खऱ्या टॉवेलची ऑर्डर देतं. पण टॉवेलचा एकेक धागा दाखवायचा म्हणजे कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाचा घाम निघतो. एका व्हिडिओला चाळीसेक मिनिटं लागत होती.

महिपतीने नवं कार्ड सुचवलं. किंमत ऐकून विरेशशेठना ठसका लागला.

"एवढ्यात एक जुना माग येतो की!"

इथे गप्प बसणं शहाणपणाचं होतं. म्हणूनच महिपती सगळ्या ऑफिससमोर म्हणाला, "शेठ, जुन्या कार्डाच्या निम्म्या वेळेत काम न्हाय झालं, तर ह्या गेटाच्या आत मी पाऊल टाकणार न्हाय. तुमचं काम खुशाल दुसऱ्याला द्या."

आपल्या दुकानाचं निम्मं पोट या एकाच कारखान्यावर चालतं, हे त्याला बोलून झाल्यावर आठवलं.

परीक्षा ठरली मे महिन्यातल्या एका बुधवारी, भर दुपारी. एकसारखे दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले. एकात जुनं कार्ड, दुसऱ्यात नवं. व्हिडिओ दोन्हींवर एकच. शेठनी आजूबाजूचे सात-आठ कारखानदार बोलावले होते. दुसऱ्याची फजिती आणि वर थंड ताक, असं आमंत्रण एमआयडीसीत कुणी मोडत नाही. शेजारच्या युनिटचे बिरप्पाशेठ तर सगळ्यात आधी येऊन पंख्याखालची खुर्ची धरून बसले.

आता, हत्तुऱ्यांच्या घरची एक रीत आहे. नवं मशीन आलं की त्याचा सत्कार झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. सोलापुरात पुढारी आला तरी चादर, जावई आला तरी चादर. मग मशीनने काय घोडं मारलंय? त्याला खांदे नसतात, एवढाच फरक. शेठच्या मातोश्री नीलम्मा, ज्यांना सगळा कारखाना अव्वा म्हणतो, त्यांनी नव्या कार्डाच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि एक जाडजूड, कोरी चादर त्याच्याभोवती गुंडाळली. दुसरं टोक धरायला महिपतीच पुढे झाला. मागच्या बाजूला सेफ्टी पिनही त्यानेच लावली, नीट, घट्ट.

ऋतुजा हळूच म्हणाली, "दादा, याला हवा कुठून मिळणार?"

"ताई, अव्वांच्या हातची चादर हाय. जरा वेळ राहू द्या की."

दोन्ही कॉम्प्युटर एकदम सुरू झाले. पहिली पाच मिनिटं नवं कार्ड असं सुटलं की महिपतीने मिशीवरून हात फिरवला. दहाव्या मिनिटाला ते रेंगाळलं. विसाव्या मिनिटाला जुनं पुढे गेलं. जुन्याने काम संपवलं अडतीस मिनिटांत. नव्याने घेतली एक्कावन्न.

"काय बे महिपती," बिरप्पाशेठ म्हणाले, "नवं कार्ड जेवायला बसलं काय मधेच?"

महिपतीने आधी विजेच्या दाबाला दोष दिला, मग विंडोजला, मग मे महिन्याला. मे महिन्यापाशी येताच त्याचा हात चादरीवर पडला. खाली भाकरी भाजता आली असती. कार्ड इतकं तापलं की ते जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतं. हे तो अठरा वर्षं गिऱ्हाइकांना फुकट सांगत आला होता. आज तेवढं स्वतःला सांगायचं राहिलं.

चादर ओढून काढावी, तर अव्वांच्या मानानेच मशीनचा जीव घुसमटला, असं आठ कारखानदारांसमोर म्हटल्यासारखं होणार. न काढावी, तर गेट बंद.

महिपतीने हात जोडले. "अव्वा, एक इचारू? सत्कार कुणाचा करायचा, जिंकणाऱ्याचा का हरणाऱ्याचा?"

"जिंकणाऱ्याचा."

"मग चादर जुन्या कार्डाची न्हाय का?"

अव्वा प्रसन्न झाल्या. "हौदप्पा, खरंय! विरेशा, रीत कळती बघ याला." त्यांनी स्वतःच्या हातांनी पिन काढली आणि चादर जुन्या कार्डाच्या कॉम्प्युटरला गुंडाळली. महिपतीने याही वेळी टोक धरलं. थोडं जास्तच ओढून धरलं, म्हणतात.

"आता परत एकदा पळवू की शेठ. पयल्यांदा नवं जरा बुजलं हुतं."

जरा वेळ दोन्ही गार होऊ दिले आणि परत पळवले. नवं कार्ड चोवीस मिनिटांत मोकळं झालं. जुन्याला लागला एक तास सहा मिनिटं. निम्मं कसलं, नवं जवळजवळ तिप्पट वेगवान! हसायला आलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बिरप्पाशेठनी जागेवर दोन कार्डं सांगितली.

मंडळी गेल्यावर चहाच्या वेळी ऋतुजाने महिपतीपुढे एक कागद ठेवला.

"दादा, उघडं जुनं, अडतीस मिनिटं. उघडं नवं, चोवीस. अडतिसाचं निम्मं एकोणीस. तुम्ही पैज हरलात."

महिपतीने आकडे दोनदा पाहिले. दिवसभरात त्या दोन कार्डांची झालेली खरी तुलना एवढीच, आणि तीही कागदावर.

"मग शेठना सांगा की."

"सांगितलं."

"काय म्हणले?"

"म्हणाले, पोरी, उघड्या मशीनचा आकडा घेऊन मी काय करू? आपल्याकडं मशीन कधी उघडं असतंय का?"

महिपतीने कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो खिशात टाकला.

"आणि ते गेटात पाऊल न टाकण्याचं?" तिने विचारलं.

"गेट मालकाचं हाय, ताई. मी कोण ठरवणार?"

मग त्याने बिरप्पाशेठना फोन लावला, शुक्रवारी कार्डं बसवायला येतो म्हणून सांगितलं, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "शेठ, सत्कार-बित्कार करणार असाल तर जुन्या कॉम्प्युटरचा करा. वयानं मोठा हाय. त्याचा मान पयला."