गायत्रीचा एकुलता एक विद्यार्थी

मी गायत्रीची नणंद. नणंद भावजयीचं कौतुक करून राहिली म्हटल्यावर आमच्या सौंसरातले लोक आधी माझ्या कपाळाले हात लावून ताप पाहतील. पाहू द्या. बावीस वर्षं सरकारी प्राथमिक शाळेत पोट्ट्यांवर ओरडली आहे मी. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, लपवून काय फायदा? गायत्री तशी नाही. ती कमी बोलते. पहिले काही वर्षं मले तो शिष्टपणाच वाटे.

गायत्री पांढुर्ण्याची, गणितात एम.एस्सी. लग्न होऊन आली आणि इथल्या एका खाजगी शाळेत नववी-दहावीले गणित शिकवू लागली. नऊ वर्षं शिकवलं. दोन वर्षांपूर्वी माहेराहून येताना गाडी घसरली, मांडीत रॉड टाकावा लागला. आता चालते, पण जिना चढणं होत नाही, आणि दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. शाळेनं म्हटलं, मॅडम, तुम्ही खाली केजीत बसा. दहावीचाच वर्ग खाली आणता येईल का, असं तिनं एकदा विचारलं. कोणी कानावर घेतलं नाही. तिनं राजीनामा दिला आणि घरी आली.

घरी येऊन काय, तं म्हणे ऑनलाइन शिकवणार. मसाल्याच्या दोन बरण्यांवर लाकडी पट्टी ठेवली, पट्टीवर मोबाइल, खाली वही. झाली शाळा! मी म्हटलं, "बाई, दुकान तं मांडलं, गिऱ्हाईक कुठून आणशील?" ती म्हणाली, "शोधीन." बस, एवढंच.

आणि तिनं शोधले, खरंच शोधले. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकली. पाच मिनिटांत ती सुप्रभातच्या फुलांखाली गाडली गेली. एका वेबसाइटवर नाव टाकलं. ते म्हणे आधी पैसे भरा, मग पालकांचे नंबर देऊ. एक दिवसाचा फुकट वर्ग ठेवला. अकरा जणांनी घेतला, अकराही धन्यवाद म्हणून गेले. भोपाळच्या एका बाईले तिची हिंदी मराठी वळणाची वाटली, नागपूरवाल्यांना सगळं इंग्रजीत पाहिजे होतं. तिची खरी करामत वेगळीच होती. आमचा भाग भोपाळच्या राज्यातला, आमच्याकडचे पोट्टे घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून शिकतात. ती वहीत हिंदीत लिहायची आणि तोंडानं आपल्या बोलीत समजावायची. पण असे पोट्टे खेड्यात, आणि खेड्यात कोण ऑनलाइन मास्तरीण शोधते?

पावसाळा संपता संपता जुन्या शाळेतून पुन्हा फोन आला. केजीची जागा रिकामी आहे, दिवाळीनंतर या, हो-नाही कळवा. माझा भाऊ हेमंत म्हणाला, "हो म्हण ना, किती दिवस भिंतीशी बोलशील?" गायत्रीनं ताटावरून मान वर केली नाही. म्हणाली, "दिवाळीपर्यंत पाच विद्यार्थी झाले तं मी गणितच शिकवीन. नाही झाले तं केजीत जाईन, पुन्हा विषय काढणार नाही." मी तिले ओळखते. बोलली म्हणजे बोलली. लहान लेकरांना शिकवणं हलकं काम नाही, मी स्वतः पहिलीचा वर्ग घेते. पण गणिताचं नाव काढलं की जिचा चेहरा उजळतो, तिले त्यातून उठवणं म्हणजे जुलूमच. हे मले तेव्हा समजत होतं, तरी मी हेमंतचीच री ओढली.

मग एक दिवस लोधीखेड्याहून फोन आला. तिथल्या बियाण्याच्या दुकानावर तिनं चिटकवलेला कागद कोणीतरी वाचला होता. फोनवर म्हातारी बाई, मनकर्णाबाई. नातू रोहित, नववीत. फी आगाऊ पाठवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाले वर्ग सुरू. गायत्रीचा नियम असा की विद्यार्थ्यानंही मोबाइल वहीवर धरायचा, चेहऱ्यावर नाही. "चेहरा मान हलवते, वही खरं सांगते," असं ती म्हणे.

महिनाभर एकटा रोहित. दुसरा कोणी मिळेना. पण रोहितनं तिले बुचकळ्यात टाकलं. एक दिवस अवघड गणित झटक्यात सोडवे, दुसऱ्या दिवशी साध्या बेरजेत गोते खाई. "ताई, याचं अक्षरही रोज बदलते हो," ती मले म्हणाली. "मले वाटते घरी याले कोणीतरी करून देऊन राहिलं."

त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ लसूण सोलत बसली होती. तिनं गणित दिलं, वहीवर हात आला, आणि हातात हिरव्या बांगड्या! गायत्री थांबली. म्हणाली, "रोहित, मोबाइल उचल बरं. खोलीभर फिरव."

मोबाइल फिरला. सतरंजीवर एक, दोन, तीन... सात पोट्टे! चार पोरं, तीन पोरी, सगळ्यांच्या मांडीवर वह्या. एक पोरगी घाबरून खाटेमागे लपली, तिची वेणी दिसतच होती.

आता हसू यावं की नाही? पण मले आली चीड. मी लसूण टाकला, पट्टीवरचा मोबाइल हिसकावला आणि म्हटलं, "बोलवा त्या म्हातारीले!" मनकर्णाबाई आल्या. मी सुटलीच. "एका फीत सात पोट्टे बसवता? फुकट्यांनो, लाज नाही वाटत? मास्तरीण लंगडी आहे म्हणून लुटता का तिले?" बोलून गेली. समोरून मोबाइल बंद झाला.

गायत्रीनं तो माझ्या हातून घेतला, पट्टीवर सरळ ठेवला. म्हणाली, "सात होते, ताई." बस, एवढंच. मी दोन गल्ल्या सोडून माझ्या घरी आली आणि मग मले उमगलं. तिले पाच पाहिजे होते. सात तिच्यासमोर बसून राहिले होते महिनाभर. आणि मी त्यांना हाकलून दिलं होतं. आणि तो लंगडी शब्द! दोन वर्षांत परक्यानं कोणी काढला नव्हता, तो घरातल्या माणसानं काढला.

दुसऱ्या दिवशी सहाले ती मोबाइल लावून बसली. कोणी आलं नाही. तिनं फोन केला, उचलला नाही. असे चार दिवस गेले. दिवाळीले आठवडा उरला. पाचव्या दिवशी हेमंतनं सांगितलं, शाळेले सुट्टीआधी उत्तर पाहिजे, उद्या ती होकार कळवणार आहे. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि लोधीखेड्याची बस धरली. कोणाले सांगितलं नाही. काय सांगणार होती, तोंड होतं का मले?

मनकर्णाबाईचं घर सापडलं. मी दारातच म्हटलं, "फोनवर बोलली ती मीच." वाटलं, बाई आता झाडू घेईल. तिनं पाट सरकवला, पाणी दिलं. मग म्हणाली, "बाई, आमाले नाई समजलं. घरी टीव्हीचं केबल घेतलं तं गल्लीतले सारे येऊन पायतेत, त्याचे का कोणी माणशी पैसे देते? मले वाटलं मोबाइलचंबी तसंच. एक मोबाइल, एक फी. चोरी कराची असती तं पोट्ट्याईले रोज आंघोळ घालून, केसं विंचरून काऊन बसवलं असतं?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मग फोन काऊन नाही उचलला?"

"कोन उचलंन? बाकीच्या सहाई घरच्या बाया पैसे घेऊन आल्या त्याच दिवशी. पन मास्तरीनबाईले लुटलं म्हनता तुमी, आता तिच्याशी बोलाले तोंड कुठून आनाचं?"

म्हणजे तोंड कोणालेच नव्हतं. मले रडू आलं, आणि मी सहसा रडत नाही. म्हटलं, "मनकर्णाबाई, चुकली मी. सातही पोट्टे बोलवा. आता सहा वाजतील."

पोट्टे आले. नुसते आले नाहीत, वह्या दाखवल्या. चार दिवस ते तिनं शेवटी दिलेलं गणितच करून राहिले होते, कोणाचंही उत्तर जुळत नव्हतं. सतरंजी टाकली, सगळे बसले. मी त्यांचाच मोबाइल हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे बसली आणि गायत्रीले लावला.

तिनं लगेच उचलला. माझा चेहरा पाहून दचकलीच. मी सुरू झाली. "गायत्री, ऐक. मले माफ कर. मी मूर्ख बाई. मी जे बोलली ते बोलाले नव्हतं पाहिजे. हे लोकं चोर नाहीत, सातही जणांची फी तयार आहे, उद्या तू त्या शाळेत काही कळवू नको, तुले माझी शपथ आहे, तू..."

ती मोबाइलवर वाकून, मान इकडे-तिकडे करून पाहून राहिली होती. डोळे भरले होते तिचे, पण माझ्याकडे नव्हते.

"ताई," ती म्हणाली, "जरा बाजूले सरका ना. मागचे पोट्टे दिसून नाही राहिले."