एक गोल तरी करा!

जिंकणाऱ्या टीमचं बरं असतं. कपाटात कप ठेवला की विषय संपला! आमच्यासारख्या हरणाऱ्यांकडे मात्र किस्से साठत जातात. अजूनही टीममधल्या दोघी भेटल्या की समोरचा चहा गार होतो.

मी गोलकीपर. बाबा रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन जयपूरला आलेले. गोलकीपर झाले हे घरी सांगितलं, तेव्हा आईने भाजी निवडता निवडता विचारलं, "म्हणजे पळायचं नाही ना तुला?"

"नाही गं."

"मग खेळ बाई. बूट तरी टिकतील!"

*

आमचे राठौड सर मुळात व्हॉलीबॉलचे. फुटबॉल त्यांच्या गळ्यात पडलेला. पण जीव मात्र फार लावायचे, घरून गूळ-चणे आणायचे आमच्यासाठी.

पहिल्याच मॅचला समोरच्यांना कॉर्नर मिळाला. बॉल हवेत आला आणि सर सवयीने ओरडले, "हाथ ऊपर! ब्लॉक!" आमची शबनम सरांच्या शब्दाबाहेर नाही. तिने दोन्ही हात वर करून बॉल मस्त अडवला. पेनल्टी! गोल अर्थात मी खाल्ला.

मॅचनंतर सर तिला हळूच म्हणाले, "वैसे ब्लॉक बढ़िया था, बेटा."

*

थंडीत आमचं मैदान लग्नांना भाड्याने जायचं. मांडववाले खांब उपटून न्यायचे आणि खड्डे आम्हाला ठेवून जायचे. कुठला खड्डा कुठे, ते आम्हाला पाठ!

एकदा समोरची फॉरवर्ड बॉल घेऊन अशी सुटली की पुढे मी एकटीच. म्हटलं, गेला गोल! तेवढ्यात बाईसाहेब खड्ड्यात पाय जाऊन धपकन बसल्या. लागलं नाही काही, पण बॉल गेला शबनमकडे.

सर शांतपणे म्हणाले, "यही हमारा डिफेन्स है."

*

एक दिवस प्रिन्सिपल सरांनी सगळ्यांना बोलावलं. "पूरे सीज़न में एक गोल नहीं! आख़िरी मैच मैं खुद देखूँगा. मेरी आँखों के सामने एक गोल करो, वरना टीम बंद. मैदान सालभर शादियों को!"

त्या दिवशी कुणालाच हसू आलं नाही. आमच्यातल्या निम्म्याजणींना सकाळी घराबाहेर पडायला प्रॅक्टिस सोडून दुसरं कारणच नव्हतं.

*

आता भंवरीबद्दल. भंवरी आमची कायमची राखीव. आमच्या बाटल्या भरायची, लिंबं कापायची आणि दर मॅचला बूट घट्ट बांधून बसायची. सीझनभर मैदानात पाय टाकायला मिळाला नव्हता बिचारीला.

शेवटच्या मॅचला प्रिन्सिपल सर खुर्ची टाकून बसले; कुठली जाळी कुणाची, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आणि समोरची टीम आली ती सहाजणींची! बाकीच्यांची जीप आमेरपाशी बंद पडलेली. नियमाने सातजणी तरी लागतात. रेफ्री म्हणाले, "वॉकओवर. आप जीत गए."

सीझनमधला पहिला विजय, आणि आमचे चेहरे पडले! मॅचच झाली नाही तर गोल कुठून दाखवणार?

राठौड सरांनी रेफ्रींचे पाय धरायचेच बाकी ठेवले. मग वळून म्हणाले, "भंवरी, जा. उनकी तरफ से खेल."

भंवरीने आमचीच जर्सी उलटी घातली आणि धावत गेली.

आम्ही त्या सातजणींवर तुटून पडलो. बॉल पोस्टला लागला, बाहेर गेला, त्यांच्या कीपरच्या पोटावर आदळला, पण गोल काही होईना! मॅच संपत आली आणि बॉल कसा कोण जाणे, भंवरीच्या पायाशी आला. तिने डोळे मिटून जो हाणला, तो माझ्या डोक्यावरून थेट जाळीत!

मी उडी मारली होती हो, अगदी खरी! पण तो भंवरीचा गोल होता. आम्ही सगळ्या किंचाळत धावलो आणि तिला उचलूनच घेतलं. शबनम रडायला लागली, तिला बघून मीही. समोरच्या सहाजणी नुसत्या बघत राहिल्या.

प्रिन्सिपल सर टाळ्या वाजवत मैदानात आले. राठौड सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "देखा? डाँटा तो हुआ ना गोल! टीम चलेगी!"

राठौड सर आपल्या बुटांकडे बघत राहिले.

मग प्रिन्सिपल सर माझ्याकडे वळले. "अरे बेटा, तू क्यों रो रही है? गोल तो अपना ही हुआ है ना?"

मी भंवरीकडे बघितलं. तिने अजून डोळे नीट उघडले नव्हते.

"जी सर," मी म्हटलं, "अपना ही है."