चार नंबरच्या टेबलाची तार

परीक्षार्थी नेव्हिल स्कोबीला पाठीमागे 'भिंत' म्हणत, आणि हे त्याला ठाऊक होतं. नापास झालेले लोक इंटरनेटवर जिथे मनातली भडास काढतात, तिथे तो रविवारी दुपारी चहाचा मग घेऊन वाचत बसायचा. 'सिडनीला परीक्षा आहे का तुझी? मग भिंतीला भेटशील. चष्मा लावलेली भिंत. काहीही विचार, एकच उत्तर.' ते उत्तर होतं, "प्रश्न पुन्हा वाचा." बोलायला परवानगी असलेल्या चार-पाच वाक्यांतलं त्यातल्या त्यात माणसासारखं वाक्य तेच होतं, म्हणून तो ते वापरायचा.

सिडनीतल्या चॅट्सवुडला पाचव्या मजल्यावर बिनखिडक्यांची खोली, सहा टेबलं आणि काचेपलीकडे यंत्रांची कपाटं. परीक्षा आठ तासांची. प्रत्येकाला एक जाळं द्यायचं, म्हणजे राऊटर, स्विच आणि त्यांच्यामधल्या तारा. सांगितलंय तसं ते उभं करायचं आणि त्यात मुद्दाम पेरून ठेवलेले दोष शोधून काढायचे. दहा-पंधरा वर्षं हेच काम केलेली माणसं इथे घामाघूम व्हायची. सहा आत गेले तर पाच नापास. गुण प्रोग्रॅम द्यायचा. काम पूर्ण झालं तर पूर्ण गुण, एक ओळ चुकली तर शून्य. आणि कुठली ओळ चुकली ते कधीच सांगायचे नाहीत, नुसते टक्के कळवायचे.

नेव्हिल स्वतः चौथ्या खेपेला पास झाला होता. त्याआधी वीस वर्षं डब्बोला टेलिफोन खात्यात होता. खांबावर चढणं, जमिनीतल्या तारा उकरणं, सगळं हातानं केलेलं. मग काळ बदलला आणि ही परीक्षा दिल्याशिवाय कुणी विचारेना. तीन हिवाळे त्यानं गराजमध्ये अभ्यास केला. ग्लेनिस, त्याची बायको, जेवणाचं ताट वॉशिंग मशीनवर ठेवून जायची. पास झाल्याचं त्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा ती उठली आणि तिनं त्याच्याशी हात मिळवला. शेजाऱ्याशी मिळवावा तसा. आठ महिन्यांनी ती केर्न्सला बहिणीकडे राहायला गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नेव्हिलनं घर विकलं, वॉय वॉयला पाण्याकाठी दोन खोल्या घेतल्या आणि ही पर्यवेक्षकाची नोकरी धरली. दिवसाचे आठ तास सहा माणसांसोबत बसायचं आणि एकाशीही बोलायचं नाही. त्याला वाटलं, आपल्याला जमेल. जमलंही, नऊ वर्षं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी नाइते आली. टोंगा बेटांवरची, तिथली राजधानी नुकुअलोफाच्या हॉस्पिटलातलं सगळं जाळं तिच्या हवाली. पस्तिशीची, धिप्पाड, केसांचा गच्च अंबाडा. तिची ही तिसरी खेप.

"मी परत आले," सही करताना ती म्हणाली. "कंटाळलात ना मला?"

"ओळखपत्र दाखवा," नेव्हिल म्हणाला.

"फोटोत मी जास्त हसतेय. तेव्हा मी इथे आले नव्हते एकदाही."

त्याला हसू आलं होतं. ते त्यानं चष्मा पुसण्यात घालवलं. तिला चार नंबरचं टेबल मिळालं.

जेवणाची सुटी अर्ध्या तासाची. पेपरविषयी कुणी बोलू नये म्हणून तोही त्यांच्याच टेबलाशी बसायचा. कंपनीचे सँडविच बाजूला सारून नाइतेनं डबा उघडला. अळूच्या पानांत गुंडाळून नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस. माउंट ड्रूइटला राहणाऱ्या आत्यानं पहाटे उठून करून दिलेलं. एक पुडी तिनं त्याच्यासमोर सरकवली.

"घ्या की."

"नियमात बसत नाही."

"अहो, खायचंय, लाच नाहीये ती! माझ्या आत्याला कळलं ना, की समोर एक माणूस कोरडा पाव चावत होता आणि मी एकटी हे खात होते, तर रात्री घरात घेणार नाही मला."

"आभारी आहे. पण नाही."

तिनं खांदे उडवले आणि पुडी शेजारच्या तरुणाला दिली. नेव्हिलनं आपला चीज-पाव संपवला.

दोनच्या सुमाराला चार नंबरचा हात वर झाला.

"ही जोडणी आपोआप तुटतेय," नाइते हळू आवाजात म्हणाली. "तुटते, दहा सेकंदांनी जुळते. मी काही केलेलं नसताना. बघा, नोंदी बघा."

स्क्रीनवर ओळी होत्या. बंद, चालू, बंद, चालू. नेव्हिल आपल्या जागेवर गेला, त्यानं आपल्या स्क्रीनवर ती जोडणी पाहिली. चालू होती. मिनिटभर पाहत राहिला, चालूच होती.

आता खरी गोम इथेच होती. यंत्राचाच दोष निघाला तर परीक्षार्थीला तेवढा वेळ परत मिळतो, असा नियम. पण ज्या परीक्षेत दोष मुद्दाम पेरलेले असतात, तिथे कुठला दोष पेरलेला आणि कुठला खरा, हे परीक्षार्थीनं कसं ओळखायचं? ते फक्त भिंतीला ठाऊक. आणि भिंतीला आपला स्क्रीन सांगत होता, सगळं ठीक आहे.

"इथून सगळं ठीक दिसतंय."

"मग ह्या नोंदी?"

"तुम्ही दिलेल्या एखाद्या आज्ञेमुळेही तसं होऊ शकतं. प्रश्न पुन्हा वाचा."

पावणेतीनला तिनं पुन्हा हात वर केला. या वेळी आवाज थोडा चढला होता. "प्रश्नात लिहिलंय का कुठे, की तार स्वतःहून मरेल आणि स्वतःहून उठून बसेल? मी रोज हॉस्पिटलात हेच करते. हा माझा दोष नाही."

बाकीच्या पाचांनी माना वर केल्या. नेव्हिलनं परत आपल्या स्क्रीनवर पाहिलं. चालू. "प्रश्न पुन्हा वाचा," तो म्हणाला.

तिनं आपलं केलेलं सगळं उसकटलं आणि पहिल्यापासून मांडलं. त्यात पाऊण तास गेला. पाच वाजता सगळे उठले, ती शेवटी उठली. दाराशी थांबून म्हणाली, "मला फक्त एवढं सांगा. ते माझं चुकलं की तुमचं?"

"निकाल चोवीस तासांत कळेल."

ती नापास झाली. तिनं फेरतपासणी मागितली, त्यातही निकाल तोच राहिला. फेरतपासणीत जे केलंय तेच बघतात, आणि जे करायला तिला वेळच उरला नव्हता ते तिथे नव्हतंच.

तीन आठवड्यांनी चार नंबरला मेलबर्नच्या बँकेतला एक गृहस्थ बसला होता. दोनच्या सुमाराला त्यानं हात वर केला आणि तीच तक्रार सांगितली. या वेळी योगायोगानं नेव्हिलची नजर काचेपलीकडे गेली. कपाटातला एक हिरवा दिवा विझला आणि पुन्हा लागला. तो उठून आत गेला, कपाटामागे हात घातला. तारेच्या टोकाची प्लॅस्टिकची खिटी मोडली होती, तार नुसती टेकून होती. दुपारी वरचा पंखा जोरात सुरू झाला की तारांचा जुडगा हलायचा आणि ती सुटायची. वीस वर्षं तारा हाताळलेल्या माणसाला हे बोट लावताच कळलं. त्या मंगळवारी त्यानं बोट लावलंच नव्हतं.

बँकवाल्याला चाळीस मिनिटं परत मिळाली. तो पास झाला.

दुसऱ्या दिवशी नेव्हिल डॅमियनकडे, म्हणजे वरिष्ठाकडे गेला आणि त्यानं नाइतेची हकिकत सांगितली.

"तिची तक्रार नोंदवहीत आहे का?" डॅमियननं विचारलं.

"नाही. मला दोष दिसला नाही, म्हणून मी लिहिली नाही."

"मग झालं तर. जे लिहिलंच नाही ते घडलंच नाही."

"मी आज लिहितो."

"मागची तारीख घालून? वेडा आहेस का तू?"

"आजची तारीख घालून. माझ्याकडून राहिलं, असं लिहून."

डॅमियननं पेन टेबलावर ठेवलं. "नेव्हिल, अरे, ही परीक्षा चालते ती लोकांचा तिच्यावर विश्वास आहे म्हणून."

"हो ना," नेव्हिल म्हणाला. "तिचाही होता."

त्यानं लिहिलं. महिनाभरानं वरून उत्तर आलं की निकाल बदलता येणार नाही. परीक्षार्थीला सद्भावना म्हणून एकदा विनामूल्य बसू देऊ. कारण कळवायचं नाही. नाइतेकडून होकारही आला नाही नि नकारही. दिलेली मुदत संपत आली.

परीक्षार्थीशी खाजगीत बोलायचं नाही, या कागदावर नेव्हिलची सही होती. एका शुक्रवारी दुपारी घरच्या फोनवरून त्यानं नुकुअलोफाच्या हॉस्पिटलाचा नंबर फिरवला. तीन जणांनी फोन इकडून तिकडे दिला, मग ती आली.

"कोण?"

"स्कोबी. सिडनीहून. परीक्षेच्या खोलीतला."

ती म्हणाली, "तुम्हाला बोलता येतं?"

त्यानं सगळं सांगितलं. खिटी, पंखा, वही. तिनं मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी घरी येऊन ते जाळं पुन्हा मांडलं, माहितेय? अकरा वेळा. म्हटलं, माझी कुठली आज्ञा चुकली ते कळलं पाहिजे. मग इथेही काही बंद पडलं की मला आधी वाटायला लागलं, माझंच चुकलंय. मला कधी असं वाटायचं नाही हो. तुम्ही त्या दिवशी उठून मागे का नाही बघितलंत? चार पावलं होती."

नेव्हिलला स्क्रीनचं सांगता आलं असतं, नियमाचं सांगता आलं असतं. "माहीत नाही," तो म्हणाला.

"फुकट बसायचं पत्र आलं होतं. दया करतायत वाटलं. फाडून टाकलं."

"अजून नऊ दिवस आहेत. मी कळवतो त्यांना."

"नको. वरच्या जागेवर ऑकलंडहून एक जण आणलाय, प्रमाणपत्रवाला. चांगला आहे पोरगा, मीच शिकवतेय त्याला इथलं सगळं. आणि परत आठ तास त्या खोलीत, तुमच्यासमोर... नाही व्हायचं माझ्याच्यानं." मागून कुणीतरी हाक मारली. "एक्स-रेचं यंत्र चित्रं पाठवत नाहीये. मला जायला हवं. फोन केलात, बरं केलंत."

बरं केलंत हे तिनं कशा अर्थानं म्हटलं, यावर तो पुढे कितीतरी दिवस विचार करत होता.

सोमवारी त्यानं स्वतःच डॅमियनला फोनचं सांगितलं. कुणी रागावलं नाही. डिसेंबरमध्ये कंत्राट संपलं, ते पुन्हा केलं नाही, इतकंच. आता तो आठवड्यातले तीन दिवस घरोघरी इंटरनेट जोडून देतो. लोक गप्पा मारू बघतात. त्याला उत्तर सुचतं ते गाडीत बसल्यावर.

मार्चमध्ये हॉर्न्सबीच्या हार्डवेअरच्या दुकानात एक माणूस त्याच्यामागे रांगेत होता. नेव्हिलनं लगेच ओळखलं. दोन नंबरचं टेबल, दोन वर्षांपूर्वी, शेवटच्या तासात रडला होता. नेव्हिल वळला.

"कसे आहात?"

माणसानं त्याला नीट पाहिलं. "माफ करा हं, आपण कुठे भेटलोय का?"

"नसू," नेव्हिल म्हणाला, आणि पुढे सरकून त्यानं आपले स्क्रू काउंटरवर ठेवले.