मेंदूवाल्या कुंदाताई

डॉक्टर कुंदाताईंकडे पेशंट आला की आधी नाडी नाही, जीभ नाही. सरळ मोरीत नेऊन त्याचं डोकं धुवायच्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी गेले, तर परदेशात मेंदूवर संशोधन करून आलेली ही बाई पदर खोचून एका आजींच्या केसांना शिकेकाई चोळत होती. मला वाटलं, चुकून पार्लरमध्ये शिरले की काय!

फिट येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर घरचे वाटीभर खोबरेल थापायचे, डोकं थंड राहावं म्हणून. आणि मेंदूच्या लहरी तपासणाऱ्या मशीनच्या तारा तेलकट केसांत काही केल्या चिकटत नसत. म्हणून ही अंघोळ. "बाय, पानी गार हाय गो," आजी कुरकुरल्या. "गार नाही काकी, तुम्हाला भीती वाटतेय म्हणून गार लागतंय," ताई म्हणाल्या आणि आजी चक्क हसल्या.

ताई वसईजवळच्या गिरीजच्या, केळी-नारळाच्या वाडीत वाढलेल्या. परत का आलात, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "तिकडे उंदरांच्या मेंदूवर लिहीत होते. पण एकाही उंदरानं मला विचारलं नाही, बाई, माझं लग्न होईल ना?" त्यांच्या दवाखान्यात रोज कुणीतरी तेच विचारायचं. मुली कमी, त्यांच्या आयाच जास्त.

वसईत दवाखाना आणि सातिवलीला एक गाळा, असा त्यांचा संसार. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या आणि आमच्याकडे टोपी. तारा बसवलेली टोपी आणि सोबत एक लेप, जो तेलकट केसांतही तारा धरून ठेवील. "मशीन बाहेरून आलंय ना, मग त्यानं आमच्या डोक्यांची सवय करून घ्यावी!" हे ताईंचं ठरलेलं वाक्य. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली तुळिंजची पोरगी; तारा जोडणं माझ्याकडे. लेप घोटणं मात्र त्या कुणाला करू देत नसत.

टोपी जमली. दवाखान्यात वर्षभर वापरलीसुद्धा. मग मुंबईच्या एका कंपनीनं ती गावोगावच्या दवाखान्यांसाठी मागितली. त्या दिवशी ताईंनी अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटीत सुकेळी, आमच्याकडची ती वाळवलेली गोड केळी, वाटली. बादलीवाल्या शेठलाही!

माल जायच्या आधी एकदा स्वतःवर चालवून बघते म्हणाल्या. टोपी घालून बसल्या आणि नेमकं लोडशेडिंग. मशीन बॅटरीवर चालू, पंखा बंद, वर तापलेला पत्रा. थोड्या वेळानं कागदावरच्या सुया नाचायला लागल्या. फिटच्या पेशंटच्या येतात तशी उंच उंच टोकं! "ताई, तुम्हाला बरं वाटतंय ना?" मी घाबरून विचारलं. "मी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या, आणि कागदाकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. लेप सुकला होता. तारेची पकड सुटली की टोक उमटत होतं आणि ते मेंदूचं वाटत होतं. "हे शिकाऊ पोरालाही ओळखता आलं असतं. आपली टोपी म्हणून मला दिसलंच नाही. आपला तो बाब्या, तसं झालं माझं."

त्याच दुपारी फोन करून त्यांनी कंपनीला माल देणार नाही म्हणून कळवलं. मी म्हटलं, "ताई, लेप सुधारू. जुन्या पेशंटना कशाला सांगायचं? आपल्याच पायावर धोंडा." त्या इतक्या चिडल्या! "अगं, गोळ्या ते गिळतायत! मी गप्प बसू?" टोपी घालून तपासलेल्या प्रत्येकाला त्यांनी परत बोलावलं, डोकं धुऊन पुन्हा तपासलं. बहुतेकांचा आजार खरा निघाला. संतोषचा निघाला नाही.

संतोष आमच्या तुळिंजचा रिक्षावाला. उन्हात उपाशीपोटी एकदा चक्कर येऊन पडला, एवढंच. ताईंनी टोपीच्या भरवशावर फिटचा आजार सांगितला, रिक्षा बंद करायला लावली. तो गोदामावर वॉचमन झाला. आता हे त्याच्या घरी जाऊन सांगायचं ताईंनी ठरवलं. बायको आणि आईसमोर आजारी म्हटलं होतं, तर तो शब्द परतही त्यांच्यासमोरच घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं.

"चूक माझी आहे. गोळ्या एकदम सोडू नकोस, मी हळूहळू बंद करीन," ताई म्हणाल्या. संतोषच्या आईनं देवाला हात जोडले. बायको मात्र उसळली. "स्टँडवर पोरं यांना फिटवाला बोलतात, मॅडम! घरात येऊन सॉरी बोलून काय होणार? तिकडे येऊन बोला ना!"

"चल," ताई म्हणाल्या.

आणि गेल्या! हॉर्नच्या त्या कलकलाटात, स्टँडच्या मधोमध उभ्या राहून, वर्गात शिकवावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "संतोषला कसलाही आजार नाही. मी डॉक्टर, मी चुकले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक बघत राहिले. एकजण फिदीफिदी हसलाही. संतोषनं आभार मानले नाहीत. का मानावेत?

कंपनी परत फिरकली नाही. बातमी पसरली तशी पेशंटची गर्दीही पातळ झाली. स्वतःच चुकले म्हणते ती कसली डॉक्टर, असं लोक उघड बोलायचे. शेवटी गाळा बादलीवाल्यानं घेतला आणि मी दवाखान्यात आले. ताईंचा तो खणखणीत आवाज हळूहळू दबत गेला. पेशंटला औषध लिहून देतानाही म्हणायच्या, "मुंबईला एकदा दाखवून घ्या हं." मला फार वाईट वाटायचं. ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते दिवस आठवले की अजूनही गलबलतं.

त्याच दिवसांतल्या एका सकाळी संतोष दारात. कडेवर पोरगी, मलूल. रात्रीत दोनदा झटके आले होते, तोंडाला फेस. हे खरं दुखणं होतं, माझ्यासारखीलाही कळत होतं. ताई उठल्या आणि परत बसल्या. "माझ्याकडे का आणलीस रे हिला? तुझं एवढं वाटोळं केलं मी. मुंबईत माझ्याहून कितीतरी मोठे डॉक्टर आहेत, चिठ्ठी देते."

"मोठे आहेत हो, मॅडम," संतोष म्हणाला. "पण चुकले तर घरी येऊन सांगतील का?"

ताईंनी डोळे पुसले, हात पुढे करून पोरीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "नाव काय गं तुझं?"